जखमी

कुरियनसाहेबांना कुंपण हवं होतं.
पाहुण्यांच्या खिडकीतून जनरेटर दिसतो म्हणाले,
बारा महिने हिरवं पाहिजे, दाट पाहिजे,
आणि मरायला नको.
हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं,
कारण गेल्या जानेवारीत सैकच्या पठारावर
नळातलं पाणी गोठून पाइप तडकले
आणि मस्कतहून आणलेली साठ कोनोकार्पस
एका रात्रीत
चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली.

मी आटपाडीचा. थंडी म्हणजे
शेकोटीला पाठ करून उभं राहण्यापुरती,
एवढंच माझं शिक्षण.
आखातात थंडीसाठी झाड शोधतोय
हे गावात सांगितलं असतं
तर एसटी स्टँडवर हसून लोळले असते.

बरकाच्या नर्सरीत कण्हेर स्वस्त होती.
पण इथल्या शेळ्या विचारून चरत नाहीत.
बोगनवेल थंडीत रुसते, काटे तेवढे ठेवते.
हॉलंडच्या यादीत एक झुडूप होतं,
फोटोत डोक्यावर बर्फ, तरी टवटवीत,
दर रोपाला अकरा रियाल,
सोहार बंदरात पंधरा दिवस तपासणी,
मग बिरकत अल मौजच्या चौकीवर
ट्रक थांबवतात, पुढच्या चढाला फोर बाय फोरच.
मी चाळीस रोपांचा हिशेब मांडला
आणि कागद पालथा ठेवला.

डोंगरावरचा अलअलान मनात भरला होता.
खल्फान म्हणाला, लाव की,
माझ्या आजोबांनी लहानपणी पाहिला
तेव्हाही तो एवढाच होता.
हात कमरेशी धरून तो थांबला,
हसला नाही.

मग एका दुपारी, डाळिंबांच्या पायऱ्यांखाली,
ओहोळाच्या कोरड्या काठावर
त्यानं काठीनं एक फांदी वाकवली.
शहस, म्हणाला.
शेळी तोंड लावत नाही,
गारा पडल्या तरी मान टाकत नाही.
मी पान चुरडलं.
चिकटलं,
आणि नाकाच्या आधी बोटांना कळलं.

जखमी!
आमच्या शाळेच्या कुंपणाची.
कबड्डीत गुडघा फुटला की
मास्तर हिचाच पाला ठेचून बांधायचे
आणि वरून एक चापट द्यायचे.
हिची पंखवाली कागदी बोंडं
आम्ही नोटा म्हणून मोजायचो,
उधारीही ठेवायचो.
पस्तीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती.

रात्री हणमंताला फोन लावला.
जखमी आहे का रे अजून, शाळेपाशी?
जेसीबीनं काढली, म्हणाला, भिंत आहे आता, वर काचा.
मग जरा थांबून,
तू दुबईला जाऊन जखमी लावतोयस?
दुबई नाही, ओमान, मी म्हटलं.
हे मी त्याला एकोणीस वर्षं सांगतोय.

झुडूप खोदून न्यायचं नाही, बी वेचायला हरकत नाही,
असं कचेरीतून लेखी आलं.
मोफिजनं आणि मी पोतंभर तांबूस पंख चोळले,
मोहरीएवढे काळे दाणे,
वर कढत पाणी ओतलं, रात्रभर ठेवले.
मोफिज म्हणाला, शिजवून कुठं बी उगवतं?
मी म्हटलं, मलाही पटत नाही, पण तसं करतात.

हे मागच्या वर्षीचं.

आज पहाटे उणे दोन.
बॅटरी घेऊन गेलो, मोजली.
चाळिसातली सदतीस उभी, गुडघ्याइतकी.
जनरेटर अख्खा दिसतोय,
साहेबांनी तूर्त त्याच्यापुढे हिरवी जाळी ताणलीय.
मेलेली तिन्ही एकाच कोपऱ्यातली,
तिथे वारा वळतो की काय, पाहायला हवं.
पानांच्या कडेनं दहिवर गोठलेलं.
हातमोजा काढून
एक पान दोन बोटांत धरलं,
थोडा वेळ, ऊब लागेपर्यंत.
चिकटलं.