खतावणी

डिसेंबरचा शेवटचा रविवार, मुलुंड पूर्व,
पंपहाउसच्या मागचा आमचा तुकडा.
खुर्च्या बावीस, भाड्याच्या. माणसं तेवीस.
खजिनदाराने उभ्यानेच हिशेब द्यावा, म्हणत
खानोलकर शेवटच्या खुर्चीवर बसले.

तर वाचते.
वर्गणी, माणशी दोनशे. एकाची बाकी आहे,
नाव घेत नाही; तो आत्ता शेवग्याकडे बघतोय.
पाइप एक, तोही मधोमध फुटका निघाला.
निंबोळी तेल. कोयत्याला धार, साठ रुपये.
मे महिन्यात टँकर, ज्यातलं निम्मं पाणी
आमच्यापर्यंत येता येता रस्ताच प्यायला.

उत्पन्न विचारू नका.
ही मिठागराच्या कडेची जमीन. पहिली दोन वर्षं
आम्ही पेरत होतो नि ती पांढरी फुटत होती.
मग फिलोमिना क्रियाडो ओला कचरा मागत हिंडली
दारोदार, जोगवा मागावा तशी,
आणि तिसऱ्या पावसाळ्याआधी
तिच्या हाताला पहिलं गांडूळ लागलं.
अशी ओरडली की पंपवाला धावत आला.

वृंदा कर्णिक मंगळवारी येते, कोणाशी बोलत नाही.
गोगलगायी वेचते, डबीत घालते,
भिंतीपलीकडे नेऊन सोडते.
बुधवारी त्या परत येतात.
यावर समितीत दोनदा मतदान झालं.
दोन्हीदा गोगलगायी जिंकल्या.

भावेश संघवीने वर्षभर एक तण उपटलं, मुळासकट,
आणि आज सकाळपासून तेच शोधत फिरला.
कारण ते तण भांबुर्डा होतं,
आणि अझर मुकादम म्हणतात, भांबुर्ड्याशिवाय पोपटी
म्हणजे मडक्यात कोंडलेले नुसते वाल.
शेवटी नाल्याच्या काठी मिळाला.
धुतला. सगळ्यांच्या देखत पुन्हा धुतला.

आता मुद्द्याचं.
सहाशे रुपये जास्त आहेत.
बँकेत बत्तीस वर्षं मी रोकड मोजली.
कमी पडली तर पदरचे भरून घरी जाता येतं,
जास्त निघाली की झोप जाते.

बियांच्या डब्यात दर महिन्याला पन्नासची एक नोट.
कोण ठेवतं?
सगळ्यांनी एकदम मडक्याच्या धुराकडे पाहिलं.

पण मोजणाऱ्या बोटांना घडी कळते.
जूनची नोट चौघडी, कडा दाबून दाबून.
ऑगस्टची सुरळी, आत भेंडीचं एक बी.
ऑक्टोबरच्या नोटेला हळद.
नोव्हेंबरच्या नोटेला बामाचा वास.
हा एक हात नव्हे.

आणि मार्चची तर माझीच.
एकतीस तारखेला डबा उघडला, रिकामा होता.
वाटलं, नेहमीचा माणूस आजारी असेल,
खंड नको पडायला.
आज ही तोंडं बघते तेव्हा शंका येते,
नेहमीचा माणूस असा कोणी होता तरी का,
की बारा महिने
बारा जण त्याच्याऐवजी धावले.

खतावणीत रकमेसमोर काहीतरी लिहावं लागतं.
'किरकोळ जमा' लिहिलं. खोडलं.
'खत' लिहिलं.
हिशेब तपासणार खानोलकरच,
चष्मा पुसतील, पुन्हा वाचतील, सही करतील.

तेवढ्यात मडकं उलटं झालं,
वाफेत ओवा, मीठ, थोडा नालाही.
बटाटे करपलेले, वाल काही कच्चे,
आणि तरी कोणाचा हात मागे नाही.

वृंदा कर्णिक उठली.
"बसा," म्हणाली, अख्ख्या वर्षातला तिचा एक शब्द,
आणि तिच्या खुर्चीकडे बोट केलं.
बसले. वही मांडीवर, वहीवर राख,
गरम शेंग या हातातून त्या हातात,
फुंकर घालत,
बेरीज तशीच अर्धी.