ठेव

रविवारी जुन्या बाजारात आम्ही पाचसहा जण जमतो,
ऊन चढायच्या आत.
कुणाला मॅचची तिकिटं हवी असतात, कोपरा फाटका असला तरी,
कुणाला कुस्तीच्या जोडांची हँडबिलं,
एकाला फक्त पंचांच्या शिट्ट्या.
मी हॉकीवाला.

आमच्यात लिहिलेला कायदा नाही.
बाहेरच्याला भाव सांगायचा, आपल्या माणसाला रक्कम.
दोन्हींत जो फरक पडेल
तो चहा पाजून फेडायचा.

रानवडे काकांनी मला स्टिक दिली ती अशीच,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून.
खडकीच्या मुदलियारची स्टिक.
दारूगोळा कारखान्याच्या टीमचा लेफ्ट हाफ,
दिवसा काडतुसं मोजायचा, संध्याकाळी पळायचा.
मुठीवरची पट्टी घामाने काळी,
आणि खाली, लाकूड वाकतं तिथे,
खिळ्याने कोरलेलं एक तमिळ अक्षर
जे आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हतं.

"अकराशे दे," काका म्हणाले, "आणि ठेव."
ठेव म्हणाले. विकू नकोस म्हणाले नाहीत.
या दोन वाक्यांमधल्या फटीत
मी पुढे दोन वर्षं राहिलो.

चौतीस हजार.
बाणेरचा माणूस, नव्या हॉटेलात भिंत भरायची होती त्याला.
गरज होती का विचाराल, तर नव्हती.
घरात आजारपण नव्हतं, कुणाची फी थकली नव्हती.
फोनवर आकडा ऐकला आणि तोंडातून "चालेल" गेलं
इतक्या सहज, जणू कुणी जरा सरकून बसायला सांगितलं.
पैशांचा फ्रिज आला.
चांगला आहे. आवाज करत नाही.

काकांची नात त्यांना वाढदिवसाला
नेमकी तिथेच जेवायला घेऊन गेली.
काचेमागे पिवळ्या दिव्याखाली
स्टिक उलटी टांगलेली, खाली पाटी:
ऑलिम्पिकमध्ये वापरलेली.
मुदलियार घाटाखाली दोनदा गेला असेल, खेळायला.

पाटी मी लिहिली नव्हती.
पण त्या माणसाने फोनवर "ऑलिम्पिकची ना?" विचारलं
तेव्हा मला नेमका खोकला आला होता.

पुढच्या रविवारी काका आले.
शिट्टीवाला उगाच एकच शिट्टी पुसत राहिला.
"कितीला गेली?"
"बारा," मी म्हणालो.
म्हणजे कबुली दिली, आणि
तिच्यातही घासाघीस केली.

काका समोरच्या बंद स्टोव्हच्या ढिगाकडे बघत होते.
मग म्हणाले, "मी दिलेले शून्य.
तो गेला त्या दिवशी दाराआड उभी होती.
बाई म्हणाली, न्या, कुणाला उपयोग होईल.
मी नेली. उपयोग!"
तो शब्द त्यांनी सुपारीसारखा गालात धरून ठेवला थोडा वेळ.
"तुझे अकराशे तिला द्यायला निघालो होतो.
होळकर पुलापर्यंत गेलो."
पुढचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले, दोघांचे.
हे त्यांनी करायला नको होतं.

परवा बाणेरला गेलो.
मालक तरुण आहे, नम्र आहे, कपाळाला अष्टगंध.
म्हटलं, चाळीस देतो. पंचेचाळीस. परत द्या.
हसला. "काका, ती विकायची नाहीये.
काही गोष्टी ठेवायच्या असतात."
मलाच काका म्हणाला.

नुसतं बसू देत नाहीत म्हणून सूप मागवलं.
वाढायला आलेला पोरगा सेलमचा निघाला.
त्याला म्हटलं, बाबा रे, तेवढं एक अक्षर वाचून दाखव.
त्याने हात पुसले, काचेला नाक लावलं,
या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

कोरलेली बाजू भिंतीकडे होती.