बाजूची काच उघडून

दोन हजार नऊशे नव्व्याण्णव झ्वोती.
असला आकडा दिसला की माझा हात
आपसूक खिशावर जातो.
बितोम, स्टेशनमागचं दुकान, नोव्हेंबर.
पाऊस पाडावा की बर्फ, आभाळाचं अजून ठरत नाही,
आणि इथे काचेच्या पेटीत सात रंग गरगरतायत
जत्रेतल्या चक्रासारखे.

बाबा, हाच, यागोदा म्हणते.
पहाटे चारपासून बेकरीत पाव भाजून साठवलेत तिनं,
नोटांना अजून आंबवलेल्या पिठाचा वास.

दुकानातला पोरगा, त्सेझारी, नुकती मिसरूड फुटलेला,
सांगतो, सगळे गेम चालतात यावर.
सगळे म्हणजे कुठले?
सगळे.

मला यातलं काही कळत नाही.
एकतीस वर्षं मी खाणीच्या पिंजऱ्याची देखभाल केली,
आठशे मीटर खोल, एका खेपेला चोवीस माणसं.
कळतं ते इतकंच
की यंत्राची किंमत दर्शनी बाजूला नसते.
उघड, म्हटलं.
वॉरंटी जाईल, काका.
दोन स्क्रूंनी जाते ती कसली रे वॉरंटी?
यागोदाचे कान लाल.
आतून मालकीणबाई ओरडल्या, दाखव त्यांना,
नाहीतर संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत.

मग ती बोट ठेवत गेली, मी बघत गेलो.
ग्राफिक्स कार्ड दोन पिढ्या मागचं, पण चालेल.
प्रोसेसर बरा.
मदरबोर्डवर कंपनीचं नावच नाही.
रॅमची एकच पट्टी, शेजारची खाच रिकामी,
आमच्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीसारखी.
यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पॉवर सप्लाय बाहेर काढायला लावला.
तळहातावर घेतला. हलका.
तांबं चोरलं की वजन लगेच चहाडी करतं,
त्याला इंग्रजी यावं लागत नाही की पोलिश.
एवढी रोषणाई, आणि आत हे.
बडा घर, पोकळ वासा.

यागोदानं मोबाइलवर बेरीज मांडली.
सुटे भाग घेतले तर दोन हजार सातशे दहा.
मग वरचे दोनशे एकोणनव्वद कसले?
लाइटांचे?

तेवढ्यात त्याने पेटी फिरवली.
मागची बाजू, भिंतीकडे असणारी,
जी विकत घेणारा कधीच बघत नाही.
वायरी एका ओळीत, वळणावर सैल सोडलेल्या,
आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांची टोकं
अगदी मुळाशी, सपाट कापलेली.
तिरपं कापलेलं टोक पात्यासारखं असतं.
पुढच्या दुरुस्तीवाल्याचं बोट फाडतं.
हे मी दर वर्षी नव्या पोरांना सांगायचो,
त्यातली दोन-तीन ऐकायची.

हे कुणी बांधलं?
मी, त्सेझारी म्हणाला. रात्री, दुकान बंद झाल्यावर.
एका मशिनमागे किती देतात तुला?
त्याने आतल्या दाराकडे पाहिलं.
पंधरा.

मी चष्मा पुसला, गरज नव्हती तरी.
पॉवर सप्लाय बदलून द्या, म्हटलं, वजनदार,
वरचा फरक मी देतो.
मालकीणबाईंनी घासाघीस केली, मीही केली,
पण जिथे करायची तिथेच.
बांधणीच्या पैशांना हात लावला नाही.

आता तो तिसऱ्या मजल्यावर, तिच्या खोलीत झगमगतो.
लाइट बंद कसे करायचे, अजून सापडलेलं नाही.
पडद्यावर ती कुदळ घेऊन जमिनीखाली उतरते,
कोळसा शोधते, देवाशपथ, कोळसा.
मी पैसे घेऊन खाली जायचो,
ही पोरगी पैसे मोजून जाते.

ती झोपली की काचेला कान लावतो.
फॅनचं बेअरिंग गोल वाजतंय, कुठे खरखर नाही.
वहीत तारीख टाकली, आवाज ठीक, असं लिहिलं.
रिकाम्या खाचेचं
मार्चनंतर बघू.