मंगळवारचं दळण

गव्हाआधी नागली दळायची नाही.
वडिलांनी हे मला चक्कीचा पट्टा चढवण्याआधी शिकवलं.
मागच्याच्या पोळ्या काळपट होतात,
मग गॅलरीतून गॅलरीत बातमी जाते
की शिरोड्यांच्या गिरणीत भेसळ असते.

म्हणून मखमलाबाद नाक्यावर बत्तीस वर्षं
गहू, गहू, बाजरी, हरभरा, गहू.
लोकवन की शरबती, ते चिमटीत धरून सांगेन.
याहून जास्त काही कळायची
गरजच पडली नाही.

देवकी भोये निमाणीवरून चालत आली.
बाऱ्ह्याच्या पलीकडचं गाव, पहाटेची एसटी,
डोक्यावर गोणी,
गोणीत मोहरीहून बारीक, विटकरी दाणे.
मी नाही म्हणालो.
ती भांडली नाही. ओट्यावर बसली,
पदराच्या गाठीतून तीन पुड्या काढल्या.

ही शिताळी, लवकर हाती येते.
ही बेंद्री, पावसानं ओढ दिली तरी उभी राहते.
आणि ही काळपेरी, पार उतारावरची.
हिची भाकर खाल्ली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही.
मग माझ्या डब्यांकडं बघत म्हणाली,
तुमच्याकडं सगळ्यांचं एकच पीठ का वं?

कॅलेंडरवर एकादशी होती. घरी भगर शिजत होती.
ती म्हणाली, ती आमची वरई.
आम्ही उपास नसताना पण खातो.

दुपारी गिऱ्हाईक नसताना
मूठभर ज्वारी टाकून मी दगड पुसला.
नागली पडली तसा चक्कीचा आवाजच बदलला,
खर्जात गेला.
वास कसला, विचारलं.
राब भाजल्याचा, ती म्हणाली.
मला तो नुसताच जळल्या पाल्यासारखा आला.
मी राब कधी पाहिलेला नाही.

मग खडूनं पाटी लिहिली:
मंगळवारी फक्त नागली, वरई, हुलगा. गहू आणू नये.
मंगळवार यासाठी, की बुधवारी गोदाकाठी बाजार
आणि तिला ताजं पीठ घेऊन बसता येतं.

पहिल्या मंगळवारी ती एकटी.
दुसऱ्याही.
तिसऱ्याला एलआयसीतून रिटायर झालेले कुलथे,
डॉक्टरनं साखर सांगितली म्हणून.
हुलगा हातात घेऊन विचारतात, हे काय?
देवकी म्हणाली, कुळीथ. तुमचंच आडनाव.
त्या दिवशी ते बराच वेळ दाणे चाळत बसले.

पेठची एक मुलगी यायची, होस्टेलवरची.
पिठाची पिशवी ओढणीखाली धरून न्यायची.
दिवाळीनंतर तिनं पिशवी उघडी धरली.
कधीपासून, ते माझ्या लक्षात नाही राहिलं.

कॉलेज रोडच्या बेकरीनं नागलीची बिस्किटं काढली.
चकचकीत पाकीट, वर डोंगराचं चित्र.
देवकीनं एक चावून पाहिलं.
मैद्याला नागली नुसती हुंगवलीय, म्हणाली,
आणि उरलेलं कुत्र्याला घातलं.
तरी बेकरीवाला दोन पोती मागतो दर महिन्याला.
ती देते. भाव मात्र तिचा.

माझी चार गिऱ्हाइकं तुटली,
पलीकडच्या एक्स्प्रेस चक्कीवर गेली.
बायको वहीत जमा-नावे मांडते आणि काही बोलत नाही,
हे बोलण्याहून वाईट.

आषाढात देवकी आली तेव्हा गोणी नव्हती,
नखांत माती होती.
काळपेरीचं बी घरात संपलं होतं.
नणंदेच्या गावी, शिंक्यातल्या गाडग्यात ओंजळभर सापडलं.
दिरानं निलगिरीसाठी खड्डे खणले होते त्या उतारावर,
तिथंच तिनं रोपं लावली.
खड्ड्यांचं काय केलं? मी विचारलं.
खड्ड्यांत पण लावली, ती म्हणाली.

काल बुधवारी पहिला डबा सौ. अमृतकरांचा.
संध्याकाळी परत आल्या,
शिरोडे, पोळी जरा काळपट आली.
आली असेल, मी म्हणालो, पीठ बदलून देतो.
त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला,
आणि डबा काखेत ठेवूनच
पाटी वाचत उभ्या राहिल्या.