सहा भोकांची पट्टी

दावोसच्या इस्पितळातून दुरी परतला
खिशात पाकीट घेऊन: एक पट्टी, सहा स्क्रू.
दीड वर्षं नडगीत होती.

सुतार माणूस. अंगठ्याने भोकं चाचपली.
गोल नाहीत, लांबट.
म्हणजे स्क्रू पिळला की उतारावरून घसरणार
आणि हाडाची दोन टोकं
एकमेकांवर दाबून बसणार.
सांध्यात फट नको, बापही हेच म्हणायचा,
सरस लावताना.

उर्सिना म्हणाली, फेकून दे.

गोठ्याच्या दाराची बिजागरी कधीची लोंबतेय.
पट्टी तिथे बरोब्बर बसली.

नडगीतली सहा भोकं अजून रिकामी.
भरतील, डॉक्टर म्हणाल्या, तोवर उडी नको.

रात्री गाय हंबरते, दुरी उठतो.
आधी पाय कुरकुरतो,
मग दार.