गंधवार्ता

थर्झा होलरॉइडच्या नाकाला
बावीस वर्षं कशाचाच पत्ता नाही.
ग्रिम्सबीच्या धुरखान्यात हॅडॉक टांगता टांगता
भुशाचा धूर आधी डोळ्यांत गेला,
मग छातीत, मग
वास राहतो त्या खोलीत शिरला
आणि आतून कडी लावून बसला.

म्हणून तिने परसात बडलियाचं झुडूप लावलं
तेव्हा गल्लीने नाक मुरडलं :
हिला काय उपयोग त्याचा?
शिवाय ते तणच. रुळांच्या कडेला,
बंद गोदामांच्या भिंतींतून
न विचारता उगवणारं.
ती म्हणाली, तिथूनच आणलंय.

खरंच तिथून. धुरखाना पाडायला यंत्र आलं
त्या सकाळी चिमणीच्या भेगेतली फांदी
तिने मुकादमाकडून मागून घेतली,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
बसमधून आणली मांडीवर,
तिकीट एकाचंच काढून.

विटांचा चुरा, थोडा चुना, ऊन. खत नाही.
लाडावलं की नुसती पानंच देतं, म्हणायची.
मार्चमध्ये माझी करवत मागून न्यायची
आणि गुडघ्याएवढं छाटून टाकायची.
पहिल्या वर्षी मला बघवलं नाही.
एप्रिलात त्या खुंटांवर
मांजराच्या कानासारखी
करडी, लवदार पानं.

जुलै सरताना तुरे आले.
वीतभर, जांभळे, आपल्याच भाराने वाकलेले,
एकेका फुलाच्या तळाशी
टाचणीच्या डोक्याएवढा नारिंगी ठिपका.
थर्झा भिंतीपाशी उभी राहून
येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागली :
सांगा, कसा येतोय?

पोस्टमन म्हणाला, मध.
समोरचा डेस्मंड म्हणाला, छान येतोय की.
‘छान’ असा वास नसतो, ती म्हणाली,
पुन्हा घे.
दुसऱ्यांदा त्याने टोपी काढली.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
आईच्या पावडरच्या डब्याचा.
झाकण हरवलं होतं त्याचं.

हे सगळं ती वहीत उतरवून ठेवते
याची मला गंधवार्ताही नव्हती.
तारीख, वेळ, वारा कुठला.

माझ्या युस्तेने, सहा वर्षांची आहे,
तुऱ्यात तोंड खुपसलं
आणि नाकावर मुंगी घेऊन बाहेर आली.
गरम, म्हणाली.
गरम हा काय वास आहे का, मी म्हटलं.
थर्झाने मलाच गप्प केलं
आणि लिहिलं : गरम.

मला तिने कधी विचारलं नाही.
मी मासे भरतो, रात्रपाळीला.
एकदाच, सकाळी नऊला, घरी परतताना
तिने फाटक उघडून धरलं. सांग.
मी वाकलो. श्वास घेतला.
खोटं बोलणं सोपं होतं, मध तयारच होता.
मला फक्त मासे येतात, म्हटलं,
माझ्याच हातांचे.

कुठले?
हॅडॉक.

तिने माझी बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले,
कडी वाजवून बघावी तशी
हळूच, दोनदा श्वास घेतला.
काही नाही.
आमच्या मधल्या तुऱ्यावर
तांबड्या पट्ट्यांचं एक फुलपाखरू
सोंड खुपसून, पंख उघडमीट करत,
आम्हा दोघांनाही न कळलेलं
काहीतरी पीत होतं.

मग तिने चष्मा लावला.
हॅडॉक, नऊ वाजून दहा मिनिटं,
वारा समुद्राकडून.
आणि खाली रेघ ओढली, दोनदा.