चुंबक उचलत नाही ते

मी भट्टीवरचा माणूस. क्रेन चालवतो.
जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात,
दिवसाला शंभर-दीडशे इंजिनं माझ्या चुंबकाला लटकतात:
ट्रॅक्टरची, टेम्पोची, कुठल्याशा बंदरावरनं आलेली बेवारस,
पिस्टन अडकलेली, तोंडं उघडी.
बटण सोडलं की पडतात. उजेड होतो. संपलं.
इंजिन म्हणजे मला वजन.

म्हणून अझीमोद्दीनचा फोन आला तेव्हा म्हणलं,
कामून येऊ? इंजिनं बघूनच तर डोळे गेले.
तो म्हणाला, "जिंदा देखा क्या कभी?"

झुंबरशेठची लाल गाडी गावाला पाठ आहे.
अकरा वर्षांत एकोणीसशे किलोमीटर,
तेही दिवाळी-पाडव्याला, मोतीबागेपर्यंत,
गतिरोधकावर तिरकी, पोट सांभाळत,
मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय.
आठ हजार फेऱ्यांसाठी घडवलेलं काळीज
अडीच हजारांवर कुणी नेलंच नाही.
आता टायमिंगचा पट्टा बदलायला आलंय.
"पळून झिजत नाही तो, वयानं झिजतो,"
दाभाडे सर म्हणाले, आणि जरा वेळ
चष्मा पुसत राहिले.

रविवार, रात्रीचे दहा, शटर अर्धं खाली.
इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर.
सहा सिलिंडर इकडं, सहा तिकडं.
पाण्याला कूलरची टाकी, पेट्रोल दुधाच्या किटलीत.
सर चित्रकलेचे. चाळीस वर्षं
असल्या इंजिनांची चित्रं कापून वहीत चिकटवलेली,
खरं आज पहिल्यांदा.
हात लावला नाही त्यांनी. खिशातनं दोरा काढला.
धूर बाहेर नेणाऱ्या बारा नळ्या,
वळणं घेत, एकमेकींना चुकवत गेलेल्या,
एकेक मोजली.
सगळ्या सारख्या.
परत मोजल्या.

पॉलिटेक्निकची अश्लेषा घुगे ठिणगीचा क्रम म्हणत होती,
एक सात पाच अकरा तीन नऊ
सहा बारा दोन आठ चार दहा,
आणि भोकरदनचा केरबा, बोअरच्या कंप्रेसरवरचा,
मांडीवर बोटानं तेच वाजवत होता.
"पाढा चुकलाय ह्यो," म्हणला,
"पण बसतोय."

मग अझीमोद्दीननं बिस्मिल्ला म्हणून तार जोडली.

आवाजाचं मला सांगता येणार नाही.
आधी खोकला, निळा धूर, किटली हलली.
मग सुपात ज्वारी घोळावी तसं काहीतरी,
मग तेही नाही,
मग त्यानं थोडं दाबलं, थोडं अजून,
आणि बाराचे बारा वेगळे उरलेच नाहीत.
पत्र्यावरचं मांजर पळालं.
समोरच्या गोदामाचा वॉचमन शटरखाली वाकून बघत होता,
हातातली काठी विसरून.

पाच हजार. सहा. शेठला जे सतरा साडेसाती लागल्या तरी जमलं नसतं ते
स्टँडवर, जागच्या जागी,
कुठंच न जाता.

परत खाली आणलं तसा अझीमोद्दीननं
झाकणावर रुपया उभा केला. कडेवर.
उभाच.
आम्ही पाच जण एका रुपयाकडं बघतोय.
आणि तो पडला.
"नाही!" अश्लेषा ओरडली, "याच्यामुळं नाही पडला!"
पलीकडं आमच्याच कारखान्यात
रात्रपाळीवाल्यानं भंगाराचा घास टाकला होता.
जमीन हलली होती.
ते मलाच कळलं. मी बोललो नाही.
रुपया उचलून परत उभा केला.

सोमवारी सकाळी सातला कॅबिनमधी चढलो.
खाली ढीग. चुंबक सोडला.
चार ब्लॉक आले. एकाच्या पोटात
तेल होतं अजून, काळं, ओलं. ठिबकलं.
बटणावर अंगठा जरा जास्त थांबला.
खालून सुपरवायझरनं शिट्टी मारली.

कालचं ते सगळं ॲल्युमिनियम.
चुंबकाला चिकटलंच नसतं.
मी किती वेळा खाली सोडला असता तरी
रिकामाच वर आला असता.